माळ आणि पिन एकाच डबीत

अमेरिकेतील ओहायो राज्यात, डेटन शहराजवळ राहणाऱ्या ७२ वर्षांच्या एका वाचकांनी सहा पानांचे पत्र पाठवले आहे. त्यातील मुख्य मजकूर त्यांच्याच शब्दांत, थोडा आटोपशीर करून, खाली देत आहे.

"मी मूळचा फलटण तालुक्यातला, तरडगावच्या बाजूचा. इंटर सायन्सनंतर १९७१ साली मामांच्या ओळखीने ओहायोतल्या एका कॉलेजात इंजिनिअरिंगसाठी आलो, तेव्हा खिशात रिझर्व्ह बँकेने मंजूर केलेले आठ डॉलर होते. पहिल्या वर्षी एका फ्रॅटर्निटीच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या बंधुमंडळाच्या, घरात भांडी घासायचो आणि त्याबदल्यात जेवायचो. दुसऱ्या वर्षी तिथल्याच मुलांनी मला सदस्य करून घेतले. दीक्षेच्या रात्री समोर बायबल ठेवून शपथ घ्यावी लागली. त्याच्या आदल्या दिवशी मी गळ्यातली तुळशीची माळ काढली. ती वडिलांनी आळंदीहून आणली होती आणि मला निरोप देताना स्वतःच्या हाताने गळ्यात घातली होती. वडील माळकरी, दर आषाढीला आळंदीपासून पंढरपूरपर्यंत पायी जाणारे. माळ काढल्याचे त्यांना कधीच सांगितले नाही. आजही ती माळ आणि फ्रॅटर्निटीची पिन एकाच डबीत आहेत.

"आमच्या १९७५ च्या तुकडीला पन्नास वर्षे झाली म्हणून माजी सदस्यांची एक पुस्तिका निघते आहे. प्रत्येकाने एक पान लिहायचे आहे आणि मथळे तीन आहेत: करिअर, कुटुंब आणि श्रद्धा. करिअरवर दोन तासांत दीड पान झाले. कुटुंबावर चार ओळी झाल्या. श्रद्धेचा रकाना तीन आठवडे कोरा आहे. मुलगी कॅथलिक मुलाशी लग्न करून चर्चमध्ये जाते, मुलगा काहीच मानत नाही, पत्नी दर रविवारी मंदिरात महाप्रसादाच्या पोळ्या लाटायला जाते आणि मी तिला सोडून पार्किंगमध्ये गाडीत पेपर वाचत बसतो. 'मी धार्मिक नाही, पण आध्यात्मिक आहे' असे लिहून पाहिले आणि खोडले. मी बाटलो का, हे या वयात विचारायची लाज वाटते, पण विचारतो.

"आणखी दोन गोष्टी. १९८२ च्या मंदीत माझी नोकरी गेली. सात महिने घरी होतो. पत्नीने एका शाळेच्या कँटीनमध्ये काम केले. हे कुणाला सांगितलेले तिला आवडत नाही. शेवटी फ्रॅटर्निटीतल्या एका मित्राने फोन फिरवला आणि १९८३ च्या जानेवारीत, एका सोमवारी, मी नव्या जागी रुजू झालो. पुढच्याच आठवड्यात, बुधवारी, वडील गेल्याची तार आली. मी गेलो नाही. थोरल्या भावाने सगळे केले. दुसरी गोष्ट १९७४ ची. नव्या मुलांना छळण्याच्या आठवड्यात, फेब्रुवारीत, एका मुलाला ओल्या कपड्यांनी रात्रभर तळघरात कोंडले होते. स्वयंपाकघर माझ्याकडे असल्यामुळे तळघराची चावीही माझ्याकडे असे. कुलूप मी लावले. तो मुलगा त्या वर्षीच कॉलेज सोडून गेला. आता थोरला नातू त्याच कॉलेजात चालला आहे आणि 'आजोबा, तुमच्याच फ्रॅटर्निटीत जाऊ ना?' असे विचारतो आहे. पुस्तिकेत काय लिहू आणि त्याला काय सांगू?

"ता. क. विठोबाचे नाव आलेच तर इंग्रजीत 'लॉर्ड कृष्णा' असे लिहू का? त्यांना तेवढे तरी कळेल."

स. न. वि. वि.

श्रद्धेचा कोरा रकाना थोडा वेळ बाजूला ठेवू आणि जे दीड पान दोन तासांत लिहून झाले त्याकडे आधी पाहू, कारण त्याची प्रत तुम्ही पत्राला जोडली आहे आणि मला खरी अडचण तिथेच दिसते. त्यात पहिल्या नोकरीचा पगार आहे, लेथ आणि ग्राइंडिंग मशिनांवरच्या कामाचा तपशील आहे, दोन पेटंटे आहेत, हाताखाली किती माणसे होती तेही आहे. १९८१ साली तुम्ही वरिष्ठ अभियंता झालात असे एक वाक्य सांगते आणि त्याच्या पुढचे वाक्य एकदम १९८४ पासून सुरू होते. मधली वर्षे तुम्ही मला पत्रातून कळवलीत, मित्रांसाठीच्या पानावर मात्र ती नाहीत. ज्या माणसाने आयुष्यभर इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजमाप केले, त्याच्या हिशेबातून दोन वर्षे नजरचुकीने सांडत नाहीत.

बेकारीची लाज वाटली म्हणून ती गाळली, असे मला वाटत नाही. १९८२ च्या अखेरीस अमेरिकेतला बेकारीचा दर १०.८ टक्क्यांवर गेला होता, दुसऱ्या महायुद्धानंतर तोवर तो एवढा कधीच चढला नव्हता, आणि ओहायो, मिशिगन, इंडियाना या कारखान्यांच्या राज्यांची स्थिती देशाच्या सरासरीहून वाईट होती. तुमच्या तुकडीतल्या इंजिनिअर मित्रांपैकी काही जण तरी त्या वर्षी घरी बसले असतील, आणि सात महिन्यांच्या बेकारीमुळे तुमच्याविषयी कुणाचे मत खाली येण्याची भीती आता, पन्नास वर्षांनी, तुम्हालाही नसेल. ती वर्षे तुम्ही गाळली, कारण ती लिहायची म्हटली की मित्राचा फोन लिहावा लागतो, फोन लिहिला की पत्नीचे कँटीन येते आणि कँटीनपाठोपाठ ती तार येते. पुस्तिका काढणाऱ्यांनी सोयीसाठी तीन मथळे पाडले असतील, पण तुमच्या आयुष्यात या तिन्हींची गाठ त्या एकाच जानेवारीत बसली आहे. ती गाठ चुकवून लिहायला बसलात, म्हणून करिअर दीड पान फुगले, कुटुंब चार ओळींत आटपले आणि श्रद्धेच्या वाट्याला काही उरलेच नाही.

'मी गेलो नाही' या तीन शब्दांपुढे तुम्ही पत्रात कोणतेही कारण दिलेले नाही, याचा मला आदर वाटतो. कारणे मला सुचतात. दीड आठवड्याच्या नोकरीत रजा कोण मागणार, सात महिने पगार नसलेल्या घरातून तिकिटाचे पैसे कुठून येणार, आणि ओहायोहून फलटणला पोचेपर्यंत अग्नी देऊन झालेला असणार, ही सगळी कारणे खरी आहेत. पण तुम्हाला हेही ठाऊक आहे की दहाव्याला पोचता आले असते, तेराव्याला तर नक्कीच, आणि पत्रावरून असे दिसते की तुम्ही नव्या साहेबांकडे रजेचा शब्दही काढला नाही. उसने पैसे देणारा मित्र तर जवळच होता, ज्याने फोन फिरवला तोच. मी हे टोचण्यासाठी लिहीत नाही. तुम्हाला समजूत घालणारी माणसे आजवर पुष्कळ भेटली असतील, आणि त्या समजुतीने काही हलले नाही म्हणूनच तुम्ही अनोळखी बाईला सहा पाने लिहिली, असे मी धरून चालते. जे झाले ते असे होते: बापाच्या मातीला जाणे आणि नोकरी टिकवणे यांत तुम्ही नोकरी धरली, तेव्हा दुसरे काही सुचले नाही, आणि त्या निवडीवर तुमचे पुढचे सगळे घर उभे राहिले. हे असेच्या असे लिहिता आले तर श्रद्धेबद्दल लिहायला वेगळा रकाना लागणार नाही.

आता बाटण्याबद्दल. हा प्रश्न विचारायची लाज वाटायचे कारण नाही. आपल्याकडे त्यावरून फार मोठमोठ्या माणसांची झोप उडालेली आहे. १८९० साली पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये एका कार्यक्रमानंतर चहा पुढे आला आणि तेवढ्यावरून टिळक आणि रानडे यांच्यासह अनेक प्रतिष्ठित मंडळींवर ग्रामण्य, म्हणजे जातीच्या बहिष्काराची कारवाई, होऊन प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्तापर्यंत पोचले. पण ते माप वेगळ्या लोकांचे होते. तुमचे वडील ज्या वाटेने चालत होते तिथे माळ घालणाऱ्यावर काही बंधने येतात: मांस आणि दारू वर्ज्य, एकादशीचा उपास, पंढरीची वारी आणि मुखी नाम. समोर कोणते पुस्तक ठेवले होते याला त्या यादीत जागा नाही. तेव्हा वारकऱ्याच्या मापाने मोजायचेच असेल तर दीक्षेच्या रात्रीचे बायबल हा तुमचा अपराध ठरत नाही. ठरलीच तर त्या स्वयंपाकघरातली कोंबडी आणि बिअर ठरेल, आणि तिच्याविषयी तुम्ही पत्रात अवाक्षर काढलेले नाही.

माझे थोरले मामा लष्करात भरती झाले तेव्हा त्यांच्या गळ्यातली माळ आजोबांनी स्वतः उतरवून देव्हाऱ्यात ठेवली होती. तिकडे पानात काय वाढतील ते आपल्या हातात नाही, गळ्यात ठेवून मोडण्यापेक्षा इथे राहू दे, एवढेच ते म्हणाले. सोळा वर्षांनी मामा निवृत्त होऊन आले आणि त्यांनी पुन्हा माळ घातली, तोवर दोऱ्याचा रंग गेला होता आणि मणी मात्र आजीच्या रोजच्या पुसण्याने गुळगुळीत झाले होते. तुमच्या वडिलांनी काय म्हटले असते हे मी सांगू शकत नाही. त्यांनी कदाचित रागावून पत्र बंद केले असते, कदाचित माझ्या आजोबांसारखेच केले असते. मला एवढेच दिसते की माळ काढण्यापेक्षा ती न सांगता काढली याचे ओझे तुम्हाला अधिक आहे, आणि बायबलचा प्रश्न तुम्ही त्याच्यापुढे पडद्यासारखा धरला आहे.

त्या बायबलविषयी दोन गोष्टी सांगते, कारण इथल्या वाचकांनाही फ्रॅटर्निटी हे प्रकरण अमेरिकन चित्रपटांतल्या दंगामस्तीपलीकडे फारसे ठाऊक नसते. ग्रीक अक्षरांची नावे घेतलेली विद्यार्थ्यांची ही बंधुमंडळे. त्यांतले पहिले १७७६ साली व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात निघाले, आजच्या धर्तीची मंडळे १८२५ पासून न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजात रुजली, आणि तुमच्या ओहायोत तर ऑक्सफर्ड गावच्या मायामी विद्यापीठात १८३९, १८४८ आणि १८५५ साली निघालेली तीन मंडळे पुढे देशभर पसरली. तेव्हाची बहुतेक कॉलेजे प्रोटेस्टंट पाद्री चालवत, त्यामुळे पोरांनी गुप्त शपथ रचायला घेतली तेव्हा त्यांना फ्रीमेसन या गुप्त बंधुसंघाचे विधी, थोडे ग्रीक आणि घरातले बायबल हेच साहित्य हाताशी होते. आपल्याकडे मंडळाच्या कार्यक्रमात समई लागते, तसा तो मामला होता. तुम्हाला ख्रिस्ती करून घेण्याचा कुणाचा बेत होता, असे तुमच्या पत्रातून कुठेही दिसत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. यातल्या अनेक मंडळांच्या घटनेत सदस्य गोरा आणि ख्रिस्ती असावा अशी अट दुसऱ्या महायुद्धानंतरही उघडपणे लिहिलेली होती, म्हणून तर ज्यू मुलांनी १८९८ पासून आणि कृष्णवर्णीय मुलांनी १९०६ पासून आपापली वेगळी मंडळे काढली. १९४८ साली ॲमहर्स्ट कॉलेजातल्या शाखेने एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला घेतले, तर वरच्या संघटनेने त्या शाखेलाच निलंबित केले. अटी कागदावरून गेल्या तरी मनांतून जायला वेळ लागला असणार. तुम्ही १९७२ साली त्या घराचे सदस्य झालात, म्हणजे दार उघडून फार वर्षे झाली नव्हती. आणि तुम्ही आत गेलात तेही पुढच्या दाराने नव्हे, तर खरकट्या भांड्यांच्या बाजूने. ज्यांनी तुम्हाला बोलावले त्या मुलांचे ऋण मोठे आहे आणि ते तुमच्या पानावर यावे. पण ज्याला आपण इथे पाहुणेच आहोत असे आतून वाटत असते तो माणूस 'नाही' म्हणायला कचरतो, हेही तितकेच खरे. माळ उतरवताना तुम्ही कचरलात आणि दोन वर्षांनी तळघराचे कुलूप लावतानाही कचरलात, असा माझा तर्क आहे. तर्क बरोबर असला तरी त्याने तुमचे वर्तन समजते, माफ होत नाही. ओल्या कपड्यांतल्या मुलाला कुलूप कुणी आणि कोणत्या भावनेने लावले याने काही फरक पडला नसेल.

म्हणून तळघराची गोष्ट पुस्तिकेत लिहू नका. ती लपवावी असे मी मुळीच सुचवत नाही, परंतु ती आधी ज्याची आहे त्याच्याकडे गेली पाहिजे. तुमच्या पानावर ती छापली तर त्या माणसाला, तो हयात असेल आणि पुस्तिका त्याच्या हाती पडली तर, आपली ती रात्र दुसऱ्याच्या पश्चात्तापाची शोभा म्हणून वाचावी लागेल. शिवाय तुकडीतले सगळे त्याला ओळखतील, नाव घातले नाही तरी. कॉलेजांची माजी विद्यार्थ्यांची कार्यालये सहसा पत्ता देत नाहीत, पण आपले पत्र पुढे पोचवण्याची विनंती केली तर बरेचदा ऐकतात. एक कागद पुरे आहे. तुम्ही कोण, त्या रात्री तुमच्या हातात काय होते आणि तुम्ही काय केलेत, एवढे लिहा. तो काळच तसा होता हे वाक्य टाळा, आपणही नवखे होतो हेही लिहू नका, आणि क्षमा मागितलीत तरी उत्तराची अपेक्षा नाही हे स्पष्ट करा. उत्तर आले नाही तर पुन्हा लिहू नका. तो वारला आहे असे कळले तर त्याच्या मुलांना शोधत जाऊ नका. मग ही गोष्ट सांगण्याची जागा एकच उरते, आणि ती तुमच्या घरात आहे.

नातवाला हे सांगा, आणि पुस्तिकेच्या आधी सांगा. त्याने विचारलेला प्रश्न सोपा आहे, 'जाऊ ना?', आणि तुम्हाला त्याला हो किंवा नाही म्हणायची गरज नाही. फ्रॅटर्निटीने तुम्हाला जेवण दिले, मित्र दिले, १९८३ ची नोकरी दिली. त्याच घराच्या तळघरात तुम्ही एका मुलाला कोंडलेत. दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत सांगा, पहिली सांगून दुसरी पुढच्या भेटीसाठी राखू नका. अठरा वर्षांचा मुलगा हे ऐकून तुमच्याविषयी काय विचार करील याची धास्ती तुम्हाला वाटत असेल आणि ती खोटी नाही. कदाचित तो काही दिवस तुमच्याशी कमी बोलेल. पण तळघराच्या दाराशी त्याला कुणी चावी देऊन उभे केले, तर त्याला तुमची आठवण यावी एवढे या सांगण्याचे काम आहे.

व्यवहाराचेही थोडे पाहा. महाराष्ट्राने रॅगिंगबंदीचा कायदा १९९९ साली केला. ओहायोत २०२१ साली झालेल्या कायद्याने बळजबरीने दारू किंवा अमली पदार्थ देऊन केलेल्या छळातून गंभीर शारीरिक इजा झाली तर तो गंभीर गुन्हा ठरला आणि त्याकडे काणाडोळा करणाऱ्या जबाबदार माणसांवरही त्याने बोट ठेवले. डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या संघराज्याच्या कायद्याप्रमाणे तर कॉलेजांना अशा प्रकरणांत दोषी ठरलेल्या संघटनांचा अहवाल जाहीर करावा लागतो. नातवाच्या कॉलेजाचा तो अहवाल निघाला असेल तर त्याच्या शेजारी बसून वाचा. आजोबा सदस्य होते म्हणून मंडळाने त्याला झुकते माप दिले तरी त्याने त्या घरी दोनतीनदा आधीच्या सूचनेशिवाय जाऊन यावे, आणि पहिल्या वर्षाच्या मुलांशी वरच्या वर्गाची मुले आसपास नसताना बोलावे. आता दक्षिण आशियाई मुलांनी काढलेली वेगळी मंडळेही आहेत, पण ती निर्मळ आणि बाकीची तशी नाहीत असे समजण्याचे कारण नाही.

मुलगी चर्चमध्ये जाते आणि मुलगा कुठेच जात नाही, याबद्दल तुम्ही सल्ला मागितलेला नाही आणि मीही देत नाही. दोघांचे बरे चालले आहे असे पत्रावरून दिसते.

पत्नीबद्दल मात्र बोलले पाहिजे. कुटुंबाच्या चार ओळींत त्यांच्या वाट्याला एक विशेषण आले आहे, 'प्रेमळ'. ज्या बाईने परक्या देशात, दोन लहान मुले घरात असताना, शाळेच्या कँटीनमध्ये ट्रे उचलून सात महिने घर चालवले, तिला प्रेमळ म्हणणे म्हणजे धरणाला ओलसर म्हणण्यासारखे आहे. पण ही गोष्ट सांगितलेली त्यांना आवडत नाही, आणि त्यांच्या परवानगीशिवाय ती छापणे हा तुमचा अधिकार नाही. तेव्हा विचारा. मला वाटते, त्यांना कँटीनची लाज नसेल. आपण ते काम केले याचा घरात नंतर कुणी उल्लेखच केला नाही, याचे त्यांना वाईट वाटत असण्याची शक्यता मी अधिक धरते. चूक असेन तर त्या सांगतील आणि मग ती ओळ वगळा. हे विचारायला बसाल तेव्हा डबी सोबत घेऊन बसा. पिन त्यांनी पाहिली असेलच. माळेची गोष्ट, काढल्याची आणि न सांगितल्याची, त्यांना पहिल्यांदा तुमच्याकडून कळू द्या. इंग्रजी पुस्तिकेतून कळली तर ते त्यांना योग्य वाटणार नाही, आणि मलाही वाटत नाही.

रविवारच्या पार्किंगविषयी एक सुचवते. देवापुढे उभे राहायला तुमचे पाय वळत नसतील तर वळवू नका. पण जिथे महाप्रसाद शिजतो तिथे पोळ्या लाटणारे हात बरेच असतात, मोठी पातेली घासायला मात्र माणूस मिळत नाही, हे मी इथल्या प्रत्येक देवळात पाहिले आहे आणि ओहायोत वेगळे असेल असे मला वाटत नाही. ते काम तुम्हाला येते. त्या देशातले तुमचे पहिले काम तेच होते.

आता प्रत्यक्ष पान. दीड पानाचे करिअर सहा-सात ओळींवर आणा. पेटंटे राहू द्या, हाताखालच्या माणसांची संख्या काढून टाका. मथळे संपादकांनी दिले असले तरी ते पाळलेच पाहिजेत असे कुठे लिहिलेले नसते, म्हणून मथळ्यांशिवाय एकच सलग मजकूर द्या आणि सुरुवात त्या सोमवारपासून करा. सोमवारी रुजू झालो, पुढच्या बुधवारी तार आली, मी गेलो नाही. मग तार कुणाची होती ते सांगताना वडील कोण होते ते आपोआप येईल. वारी म्हणजे काय हे समजावताना सण, उत्सव, लाखो भाविक असले शब्द वापरू नका. तुमच्या मित्रांना अंतर कळते. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, म्हणजे कोलंबसहून क्लीव्हलंडला जाण्यापेक्षा थोडे जास्तच, आणि ते अंतर वडील दरवर्षी भर पावसाळ्यात, खांद्यावर पडशी घेऊन, अडीच-तीन आठवड्यांत चालत असत. तरडगावजवळ चांदोबाच्या लिंबाला पालखीचे पहिले उभे रिंगण होते, तिथे तुम्ही लहानपणी कुणाच्या खांद्यावरून घोडा पाहिलात हे आठवत असेल तर तेवढी एक ओळ घाला. नंतर माळ आणि पिन एका डबीत आहेत हे सांगा आणि तिथेच हात थांबवा. त्याचा अर्थ काय, ते लिहू नका. तुमच्या मित्रांपैकी बहुतेकांच्या घरी अशी एक डबी असेल. फोन फिरवणारा मित्र होमकमिंगला, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या कॉलेजातल्या मेळाव्याला, येणार असेल तर छापायला देण्याआधी त्याला हे पान एकदा वाचून दाखवा, कारण आपल्या फोनमुळे तुम्ही रुजू झालात त्यानंतर दहा दिवसांत काय घडले हे तुम्ही त्याला कधी सांगितल्याचे पत्रात दिसत नाही. आधी मराठीत, हाताने लिहा. इंग्रजीत लिहायला बसलात की पुन्हा बायोडेटा होईल.

तुमच्या ता. क.चे उत्तर: 'लॉर्ड कृष्णा' लिहू नका. वडील घरात 'विठोबा' म्हणत असतील तर इंग्रजीतही विठोबा हेच अक्षर ठेवा आणि पुढे एका ओळीत सांगा की हा कमरेवर हात ठेवून विटेवर उभा असलेला देव आहे. संपादक मंडळी असले नाव पाहून दुरुस्त करायला जातात, तेव्हा ते जसेच्या तसे ठेवावे असे पानासोबतच्या चिठ्ठीत कळवून टाका.